दिवाळीत घर फोडायला काढलं त्याचा रिव्ह्यू: कंपनीला अडीच स्टार, मिस्त्रींना पाच

आधीच सांगते, रिनोव्हेशन करणाऱ्या कंपनीचं नाव लिहिणार नाहीये. भीडबीड काही नाही, शेवटचं दहा टक्के पेमेंट माझ्याकडे अडकलंय आणि वॉटरप्रूफिंगची वॉरंटी त्यांच्याकडे, त्यामुळे सध्या आम्ही दोघंही एकमेकांशी फार गोड बोलतोय. पण पुण्यात राहणाऱ्या कोणाच्याही डोक्यात 'दिवाळीच्या आधी किचन बाथरूम उरकून टाकू' असा विचार आला असेल तर हे वाचा आणि मग काय करायचं ते करा.

आमचा फ्लॅट सहकारनगरला, तिसरा मजला, बिल्डिंग १९९६ सालची. त्या काळचे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाईप, आतून गंजून बोटभर भोक उरलेलं, आणि बाथरूमखालच्या काकूंच्या छताला दोन वर्षं ओल. काकू फार चांगल्या आहेत म्हणून भांडण झालं नाही, फक्त दर महिन्याला छताचा एक फोटो यायचा व्हॉट्सॲपवर, खाली काही न लिहिता. तो डाग आधी पेरूएवढा होता, मग पपईएवढा झाला, आणि यंदाच्या, म्हणजे २०२५ च्या, पावसाळ्यात पार फणस झाला तेव्हा आम्ही ठरवलं की आता पुरे.

कोटेशनं दोन घेतली. एक नेहमीच्या कॉन्ट्रॅक्टरचं, साडेसहा लाख, एका वहीच्या पानावर. दुसरं या कंपनीचं, आठ लाख वीस हजार, वर १८ टक्के जीएसटी, पण चोवीस पानांची पीडीएफ, थ्रीडी, ॲप, डेडिकेटेड सुपरवायझर, 'तुम्ही फक्त कलर निवडा बाकी आमच्यावर सोडा'. आम्ही दोघं नोकरी करणारे, सासूबाई पंच्याहत्तरच्या, मुलं दोन, एक सातवीत एक तिसरीत. म्हटलं जाऊ दे, जीएसटी सोडून एक लाख सत्तर हजार जास्त जातील पण डोक्याला ताप नाही. हे वाक्य माझं आहे आणि नवरा ते अजून अधूनमधून मला ऐकवतो.

आता आमची चूक पण सांगते. कंपनी ८ सप्टेंबरला सुरू करायला तयार होती, गणपती ६ तारखेला गेले की लगेच. पण ७ पासून पितृपक्ष, आणि सासूबाई म्हणाल्या पितृपक्षात घरावर हातोडा पडणार नाही, मी आहे तोपर्यंत तरी नाही. झालं. दोन आठवडे तिथेच गेले. मग घटस्थापनेचा मुहूर्त काढला, २२ सप्टेंबर. कंपनीचा माणूस टॅबवर चार्ट दाखवत म्हणाला मॅम नो इश्यू, १८ ऑक्टोबर, धनत्रयोदशीला चावी तुमच्या हातात, फराळ नव्या ओट्यावर. मी विचारलं आमच्या सोसायटीत ठोकाठोक ९ ते १ आणि ४ ते ६ एवढीच चालते, रविवार बंद, हे धरलंय का यात. तो म्हणाला सगळं धरलंय. काही धरलं नव्हतं.

तोडफोड सुरू झाली आणि घरात घट. यंदा नवरात्र दहा दिवसांचं होतं, म्हणजे नंदादीप एक दिवस जास्त सांभाळायचा. हॉलच्या कोपऱ्यात घट, त्याभोवती नवऱ्याने मच्छरदाणी लावली आणि त्यावर ओला पंचा, कारण आतल्या बाथरूमच्या टाइल्स निघत होत्या तशी ती पांढरी धूळ दाराला लावलेल्या प्लॅस्टिकच्या खालून, वरून, मधून येत होती. दिवा विझला नाही हे खरं, पण पाचव्या दिवशी घटातलं उगवलेलं धान हिरव्याऐवजी राखाडी दिसायला लागलं. धूळ कुठे कुठे गेली ते विचारू नका. बंद कपाटातल्या बंद डब्यातल्या साखरेत गेली. कशी गेली ते मला अजून कळलेलं नाही.

बरं, आता चांगलं ते चांगलं म्हणते. वॉटरप्रूफिंगचं काम नंबर एक झालं. जुना कोबा, म्हणजे टाइल्सखालचा थर, पार स्लॅबपर्यंत काढला, एकशे चाळीस गोणी राडारोडा निघाला, तो जिन्याने खाली गेला कारण लिफ्टने न्यायला परवानगी नाही (याचे चौदा हजार वेगळे लागले, कोटेशनमधे एका छोट्या चांदणीखाली लिहिलेलं होतं, आम्ही चांदणी बघितली नाही). सगळे पाईप सीपीव्हीसीचे (न गंजणाऱ्या प्लॅस्टिकचे) टाकले, भिंत बंद करायच्या आधी पंप लावून प्रेशर देऊन रात्रभर ठेवलं, सकाळी काटा जिथल्या तिथे. मग केमिकल, मग विटांच्या तुकड्यांचा कोबा, मग नहाणी ट्रॅपचं, म्हणजे पाणी जायच्या भोकाचं, तोंड बंद करून पाणी भरून ठेवलं अठ्ठेचाळीस तास. ते दोन दिवस खालच्या काकू टॉर्च घेऊन छताकडे बघत बसल्या होत्या. आठ तारखेला सकाळी त्यांचा फोटो आला, छत कोरडं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा फोटोखाली काहीतरी लिहिलेलं होतं: 'चहाला या.'

हे काम केलं टाइल्सवाल्या मिस्त्रींनी आणि त्यांच्या पुतण्याने. बिहारचे, आराच्या पुढे कुठेतरी त्यांचं गाव. पंचवीस वर्षं पुण्यात, मराठी सगळं कळतं, बोलतात हिंदीत. पहिल्याच दिवशी चहा देताना मी सहज विचारलं दिवाळीत गावाला जाणार का, तर त्यांनी मोबाईल काढून तिकीटच दाखवलं. १७ ऑक्टोबर, रात्रीची पुणे-दानापूर एक्सप्रेस, कन्फर्म. रिझर्व्हेशन साठ दिवस आधी उघडतं ना, त्या दिवशी सकाळी आठला बसून काढलेलं. म्हणजे ऑगस्टमधेच. "छठ करके आएंगे मॅडम, कंपनीवाले को मालूम है."

म्हणजे बघा. मिस्त्रींना ऑगस्टपासून माहीत की ते १७ ला नाहीत. मला पहिल्या चहाला कळलं. आणि कंपनीच्या त्या रंगीत चार्टवर १३ ते १८ ऑक्टोबर 'टायलिंग बाथरूम टू, किचन डॅडो' (ओट्यावरच्या भिंतीच्या टाइल्स) अशी ठसठशीत निळी पट्टी. दुसरा मिस्त्री देणार का म्हणून विचारलं तर कंपनीच्या ग्रुपवर उत्तर आलं, 'नोटेड मॅम', पुढे हात जोडलेले. हे 'नोटेड मॅम' पुढे मला एवढ्या वेळा आलं की धाकटा घरात कोणी काहीही काम सांगितलं की 'नोटेड मॅम' म्हणून खेळत बसतो.

सुपरवायझर मुलगा तसा वाईट नाही, पण त्याच्याकडे एकाच वेळी अकरा साइट होत्या (हे पण मिस्त्रींनीच सांगितलं). यायचा, चार फोटो काढायचा, ॲपवर टाकायचा, जायचा. फोटो पडले की ॲपमधे टक्के वाढायचे. १५ ऑक्टोबरला ॲप म्हणत होतं ८२ टक्के पूर्ण आणि त्या दिवशी आमच्या घरी एक बाथरूम जेमतेम चालू, दुसरं नुसता कोबा, आणि किचनमधे कडप्प्याचे उभे खांब, वर ओटा नाही, सिंक नाही, नळ नाही. सासूबाईंनी विचारलं ब्याऐंशी टक्के म्हणजे काय गं, मी म्हटलं साधारण पैसे दिलेत तेवढे टक्के.

टाइल्सचा घोळ तर अजून वेगळा. १३ तारखेला मिस्त्रींनी टेप लावून दुसरं बाथरूम मोजलं, बॉक्स मोजले आणि म्हणाले तीन पेटी कम पड़ेगा. दोन बाय चारच्या टाइल्स, एका बॉक्समधे दोनच येतात, आणि कटिंगमधे जातं ते वेगळं. मी तिथल्या तिथे ग्रुपवर टाकलं, फोटोसकट, बॉक्सवरचा बॅच नंबर पण टाकला कारण मिस्त्री म्हणाले तो असल्याशिवाय शेड मिळणार नाही. नोटेड मॅम. १८ ला धनत्रयोदशीला मीच गंगाधाम रोडच्या दुकानात फोन केला तर तो म्हणाला ताई ऑर्डरच आलेली नाही आणि आता आम्ही थेट लाभपंचमीला उघडणार, २६ ला. २६ ला फोन केला तर ती बॅच संपलेली. नवीन आलेली टाइल तीच, डिझाइन तेच, पण जुनी दुधाची आणि नवी ताकाची म्हणा, एवढा फरक. घ्यायच्या वेळीच दहा टक्के जास्त घ्या आणि एक रिकामा खोका माळ्यावर ठेवून द्या, एवढं तरी माझ्याकडून फुकट घ्या.

आता घरात कसं राहत होतो ते. १६ तारखेला मुलांना सुट्टी लागली आणि पाच माणसं, एक बाथरूम, एक बेडरूम सामानाने गच्च, हॉलमधे सोफ्यावर फ्रीज नाही एवढंच, बाकी सगळं होतं. स्वयंपाक बाल्कनीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली इंडक्शन. पलीकडे कटर लागला आणि इकडे कुकर असला की एमसीबी पडून लाइट जायचे, त्यामुळे मिस्त्री आणि सासूबाईंचं आपसात ठरलेलं, भाताच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत ते कटर लावायचे नाहीत. "माताजी, हो गया?" "थांब रे बाळा, एक राहिलीय." हे कोऑर्डिनेशन कंपनीला जमलं असतं तर मी पाच स्टार दिले असते. भांडी बाथरूममधे पाटावर बसून घासायची, म्हणजे कोणी आंघोळीला गेलं की खरकटं बाहेर रांगेत आणि कोणी भांड्यांना बसलं की माणसं बाहेर रांगेत.

फराळ विकत आणू असं मी म्हणाले होते. शांतता पसरली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त भाजणीचा डबा मांडीवर घेऊन बसल्या, ती त्यांनी ऑगस्टमधेच दळून आणलेली. शेवटी खालच्या काकूंनीच बोलावलं. आणि मग रविवारी, १२ तारखेला, आमची कढई, आमचं तेल, सोऱ्या, सगळं घेऊन आम्ही खाली. दोघी म्हाताऱ्या ओट्यापाशी, मी चकल्या पाडतेय वर्तमानपत्रावर, थोरली करंज्यांना कातण फिरवतेय, आणि कढईच्या बरोब्बर वर नाही पण पॅसेजच्या छताला तो फणसाएवढा डाग, आता वाळून पिवळा पडलेला, कडेने पापुद्रे सुटलेले. ज्यांच्या डोक्यावर दोन वर्षं आमचं पाणी गळलं त्यांच्याच ओट्यावर आमच्या चकल्या. पहिला घाणा मऊ पडला, काकू म्हणाल्या मोहन कमी झालंय, सासूबाई म्हणाल्या पीठ तुमच्या घरातल्या ओलीने सर्दावलं असेल, आणि मी एक सेकंद श्वास रोखून धरला, मग दोघी अशा हसल्या की डोळ्यातून पाणी.

मिस्त्री १७ ला निघाले तेव्हा त्यातला चिवडा आणि चकल्यांचा डबा सासूबाईंनी गाडीत खायला म्हणून दिला. सुपरवायझरला पण एक डबा काढून ठेवला होता. तो आला नाही, आम्ही खाल्ला.

आणि किल्ला! तो राहिलाच. मुलं दरवर्षी पार्किंगच्या कोपऱ्यात किल्ला करतात, दगडमाती शोधत फिरावं लागतं. यंदा एकशे चाळीस गोणी माल घरचाच. मी दहा गोण्या ठेवून घेतल्या, विटांचे तुकडे, जुन्या कोब्याची ढेपं, निळ्या टाइल्सचे तुकडे तळ्यासाठी. राजगड करायचा ठरला. पद्मावती माची झाली, संजीवनी झाली, सुवेळा माचीपाशी धाकटा अडून बसला की नेढं पाहिजे, कातळाला आरपार भोक, नाहीतर तो राजगडच नाही. ढेकळात काडीने भोक पाडायला गेला की ढेकूळ फुटायचं. रडारड. १६ ला संध्याकाळी मिस्त्री सामान आवरत होते, त्यांनी विचारलं क्या हुआ, मुलाने मोबाईलवर फोटो दाखवला. ते बराच वेळ फोटो झूम करून बघत राहिले. मग जुन्या कोब्याचा एक चांगला फूटभर तुकडा निवडला, बाथरूममधे पायाखाली दाबून धरला, एक्झॉस्टच्या पाईपसाठी आणलेलं कोअर कटिंगचं मशीन लावलं, बाजूने पुतण्या मगाने पाण्याची धार सोडतोय, आणि दोन मिनिटांत आरपार भोक, कडा गोल गुळगुळीत. मग त्यांनाच ते पटेना. "पहाड़ में इतना गोल नहीं होता," म्हणून छिन्नीने कडा ठोकून ठोकून वेड्यावाकड्या केल्या. खाली नेऊन उरलेल्या टाइल ॲडहेसिव्हमधे तो तुकडा बसवला, बुरूज बसवले, हाताने उतार दिला. सहा वाजून गेलेले, सोसायटीचा वॉचमन येऊन उभा राहिला पण काही बोलला नाही, उलट तटबंदीला दोन खडे त्यानेच लावले.

नरकचतुर्दशी सोमवारी २० ला. गिझर बसवलेला पण कनेक्शन नाही, इलेक्ट्रिशियन गावाला. म्हणून बादलीत हीटरची कांडी, एका वेळी एक बादली, पाच माणसं, साडेचार वाजता सुरू केलं तेव्हा सात वाजता संपलं. उटणं लावून दोघं मुलं टॉवेल गुंडाळून सामानाच्या खोक्यांवर कुडकुडत बसलेली. कारीट फोडायची वेळ आली आणि मी ओरडले, ग्राउट अजून केलेलं नाहीये, फटी उघड्या आहेत, नव्या टाइल्सवर फोडू नका, रस आत जाईल. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग नवऱ्याने एक फुटकी जुनी टाइल आणली, ती उंबऱ्यात ठेवली आणि त्यावर डाव्या अंगठ्याने कारीट. ती पण फुटली, टाइल. नरकासुर दोनदा मेला असं धाकटा म्हणाला.

भाऊबीजेला नणंद, तिचे मिस्टर आणि त्यांची दोन मुलं आली, येतील की नाही शंका होती. पोळ्या बाहेरून आणल्या, बटाट्याची भाजी बाल्कनीत, श्रीखंड डेअरीतून. कडप्प्याच्या खांबांवर फळी टाकून मुलांनी त्यावरच पान मांडलं, म्हणजे नव्या ओट्यावरचं पहिलं जेवण म्हणायला हरकत नाही. वन्सं म्हणाल्या लहानपणी वाड्यात असंच तर होतं, एक नळ आणि सगळी रांग. त्यांचे मिस्टर मात्र बाथरूममधे बसून भांडी घासताना काही बोलत नव्हते.

पुढचं पटकन सांगते कारण त्यात नुसतं थांबणं आहे. छठ २८ ला संपली, पण बिहारमधे यंदा विधानसभेचं मतदान, ६ आणि ११ नोव्हेंबर. मिस्त्रींचा फोन आला, वोट देके निकलेंगे मॅडम. १४ ला ते हजर झाले. मधल्या काळात कंपनीने दुसरा एक मिस्त्री पाठवला होता, त्याने अर्ध्या दिवसात किचनच्या डॅडोच्या सहा टाइल्स लावल्या, त्यातल्या चार थापटल्यावर पोकळ वाजल्या, आमच्या मिस्त्रींनी आल्याआल्या त्या उपटल्या. ग्रॅनाइट आलं त्याला चार बर्नरच्या हॉबचं (ओट्यात बसवायच्या शेगडीचं) भोक, आमचा तीनचा. ते परत गेलं. कंपनीने त्याचे पैसे लावले नाहीत हे कबूल करायला हवं. शेड बदललेल्या टाइल्स मिस्त्रींनी दरवाजामागच्या भिंतीला लावल्या, दार उघडं असलं की दिसतच नाहीत. ओटा ३३ इंचांवर घेतला, सासूबाईंना उभं करून, हातात पोळपाट देऊन मोजून. २९ नोव्हेंबरला चावी. म्हणजे चावी आमच्याकडेच होती, फक्त फोटो काढला.

तर रेटिंग. काम: साडेचार, अर्धा त्या हॉबचा कापला. मटेरियल: चार, सांगितलं तेच प्लाय आलं, शिक्के मी स्वतः बघितले. वेळ आणि कोऑर्डिनेशन: शून्य द्यायचा होता, देता येत नाही म्हणून एक. आणि खरी मेख इथेच आहे. शेवटच्या आठवड्यात मी मिस्त्रींना त्या दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरचं नाव सांगितलं, वहीच्या पानवाल्याचं, तर ते हसले, "उनका भी काम हम ही करते हैं." तेच हात, तोच कोबा. जीएसटी सोडून वरचे एक लाख सत्तर हजार मी कोणीतरी तारखा, माणसं आणि पेट्या जुळवेल म्हणून दिले होते, आणि तेवढंच एक काम झालं नाही. ते शेवटी केलं मी, सासूबाईंनी आणि कुकरच्या शिट्टीने.

घ्या ही कंपनी, नका घेऊ, तुमची मर्जी. पण घेतलीत तर चार्ट समोर आला की आधी विचारा कोणता मिस्त्री येणार, आणि त्यालाच भेटून विचारा गावाला कधी जाणार. पेमेंट तारखेवर बांधू नका, कामावर बांधा, पाणी भरून खालच्यांचं छत कोरडं निघालं की एवढे, ओट्याला नळ लागून पाणी आलं की एवढे. आमचं तारखेवर होतं, त्यामुळे ८ ऑक्टोबरलाच नव्वद टक्के देऊन बसलो होतो. आणि शक्य असेल तर हे सगळं मे महिन्यात करा आणि मुलांना आजोळी पाठवा.

किल्ला अजून पार्किंगमधेच आहे. दरवर्षी तुळशीच्या लग्नापर्यंत मुलं पाणी मारून मोडतात, यंदा पाणी मारलं तर माती गेली आणि राजगड तसाच, ॲडहेसिव्हने जमिनीला धरून बसलाय. सेक्रेटरींची नोटीस आलीय की एका गाडीची जागा अडते. मी मिस्त्रींना फोन केला, ते म्हणाले रविवारी छिन्नी घेऊन येतो, पण नेढ्याचा तुकडा अख्खा काढू, फेकायचा नाही. कंपनीच्या ग्रुपवर मी हे टाकलेलं नाही.